पाणी का भुकटी

कळंबला कोणाच्याही प्रिंटरने मान टाकली की लोक एकच नाव सांगत, अंगद पेंटर. मी गावात नवी होते तेव्हा मला याचं हसूच आलं होतं. मला काही भिंत रंगवून घ्यायची नव्हती. तिसरीच्या मुलांसाठी घरच्या प्रिंटरवर गणिताचे कागद काढायचे होते आणि काळी शाई संपली होती. त्यात पेंटरचं काय काम? पण ज्याला विचारावं तो स्टँडकडे हात करून "पेंटरकडं जावा" म्हणे, म्हणून शेवटी गेले.

एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानांची रांग आहे. तिच्या अगदी शेवटी पत्र्याचं एक अरुंद दुकान होतं. आत एक टेबल, एक स्टूल, शाईच्या बाटल्या, इंजेक्शनच्या सिरिंजा आणि गरम पाण्याचा थर्मास. टेबलामागे साठीच्या पुढचे एक गृहस्थ, अंगात पांढरा सदरा, पांढरा पायजमा. दिवसभर शाईशी खेळणारा माणूस आणि कपडे असे की आत्ताच कोणाच्या साखरपुड्याहून आला असावा. डाग होता तो फक्त उजव्या हाताच्या दोन बोटांवर, निळा, आणि तो पुढच्या सगळ्या वर्षांत मी कधी गेलेला पाहिला नाही.

मी कार्ट्रिज टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "काळी शाई भरायचीय."

"भरू की. काय छापताव?"

"मुलांचे कागद. गणितं."

"लेकरं हातात घेत्यात?"

"हातात नाहीतर कशात घेतील?"

"हात धुतलेले असत्यात का?"

तिसरीच्या मुलांचे हात शाळेत येईपर्यंत कुठून कुठून फिरून आलेले असतात हे मला चांगलं माहीत होतं. मी नाही म्हणून मान हलवली. पेंटरांनी कागदाच्या दोन चिठोऱ्या पुढे सरकवल्या. दोन्हींवर एकेक काळी रेघ होती. थर्मासच्या झाकणातल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी ते दोन्ही रेघांवरून फिरवलं. एक रेघ पसरून जांभळट झाली, दुसरी जागची हलली नाही.

"ही पसरली ती डाय. हिच्यात रंग पाण्यात इरगळलेला असतो. म्या हिला पाणीच म्हणतो. ही दुसरी पिगमेंट. हिच्यात रंगाची बारीक भुकटी तरंगती. भुकटी कागदावर बसली की बसली. पाणी दिसायला लई झ्याक, पर थेंब पडला की पसरतंय आन् उन्हात ठिवलं की उडतंय."

"मग भुकटीच भरा."

"थांबा की. किती दिसानं छापताव?"

मला शाळेला उशीर होत होता आणि हा माणूस मुलगी बघायला आल्यासारखा प्रश्न विचारत होता. मी म्हटलं, आठवड्यातून एकदा-दोनदा, सुट्टीत अजिबात नाही.

"मग ऐका. भुकटीला बसून ऱ्हायलेलं चालत न्हाय. मशीन चार दिस गप पडलं की ती बारक्या भोकात वाळती. मग काय इलाज न्हाय. पाण्याचं तसं न्हाय, ते महिना-दोन महिने पडून ऱ्हातंय बिचारं. तवा छापायचं असू नसू, तीन-चार दिसाला एक पान काढावं लागंल. कबूल असंल तर भुकटी, न्हाय तर पाणी."

मी कबूल म्हटलं. त्यांनी आधीची शाई धुऊन काढली, कारण दोन्ही शाया एकमेकीत मिसळल्या तर दूध नासल्यासारखं होतं म्हणाले. मग भुकटी भरली आणि माझा फोन नंबर मागितला. तो मागून त्यांनी ब्रश घेतला आणि दुकानाच्या पत्र्यावर, आतल्या बाजूने, "बाई, शाळा" असं लिहून पुढे नंबर रंगवला. इतकं देखणं अक्षर मी फळ्यावर आयुष्यात काढलेलं नाही. पत्र्यावर असे बरेच नंबर होते. ते कशासाठी, हे मला चौथ्या दिवशी समजलं.

चौथ्या दिवशी सकाळी एका हातात डबा, एका हातात स्कूटीची किल्ली, आणि फोन वाजला.

"बाई, पान काढलं का?"

"कोण बोलतंय?"

"पेंटर. पान काढलं का?"

"नाही अजून."

"काढा. ठिवतो."

आणि फोन बंद. पुढे हे असंच चालू राहिलं. त्यांच्याकडे भुकटी भरलेला जो जो कोणी होता त्या प्रत्येकाला तीन-चार दिवसांनी हा फोन जाई. गावात त्याला "पानाचा फोन" म्हणत. कोणी वैतागत, कोणी थट्टा करत. एका क्लासवाल्या सरांनी एकदा झोपेतूनच "हो हो, काढलं" म्हणून टाकलं. पेंटरांनी विचारलं, "निळी रेघ सरळ आली का?" सर म्हणाले, "एकदम सरळ." "तुमच्या मशीनमधी निळी शाई म्या भरलीच न्हाय," पेंटर म्हणाले, "उठा आन् पान काढा." हे सर स्वतःच सगळ्यांना सांगत आणि पेंटरांसारखा आवाज काढून दाखवत.

पेंटर हे नाव त्यांना शाईमुळे मिळालेलं नव्हतं. ते खरोखरचे पेंटर होते. कळंबच्या बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि ब्रशचं काम गेलं. त्याबद्दल ते कुरकुर करत नसत. फ्लेक्सबद्दल त्यांची तक्रार एकच होती, "त्यात त्वांड मोठं आन् अक्षर बारीक." हातातलं काम सुटल्यावर त्यांनी लातूरला जाऊन शाई भरण्याचं शिकून घेतलं आणि स्टँडसमोर हे दुकान टाकलं. रंग सोडून दुसऱ्या कशात जीव रमला नसता, असं ते म्हणत.

एकदा मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, त्यांच्याबरोबर चालत येण्याचा योग आला. ते पाट्या बघत चालले होते आणि आपली पाटी आली की थांबत होते. एका मिठाईच्या दुकानावर "तुपाची मिठाई" अशी जुनी पाटी होती. तिच्या डाव्या बाजूला बरीच मोकळी जागा दिसत होती.

"तिथं 'शुद्ध' हुतं," पेंटर म्हणाले. "मालकाला त्यो शब्द लाल पायजे हुता. म्या म्हणलं, लाल सगळ्यात आधी जातंय, काळा घ्या. ऐकलं न्हाय."

"मग परत रंगवून नाही घेतला?"

"म्या जाऊन इचारलं. मालक म्हणला, राहू द्या पेंटर, आता हाय तेच खरं हाय."

हे सांगून ते इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यांना मनमोकळं हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

त्यांच्या नियमाला ते पक्के होते. मोंढ्यातला एक आडत दुकानदार एकदा माझ्यासमोरच आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की पिगमेंट भारी असते, तेव्हा तीच भरा म्हणून तो बसला. पेंटर म्हणाले, "मालक, तुमचं छापणं सोयाबीन आलं की तवाच. मग सारा उन्हाळा मशीन झोपतंय. तुम्ही पाणी भरा." आडत्या म्हणाला, "पैसे माझे हायत की तुमचे?" पेंटरांनी रिकामी कार्ट्रिज फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात परत दिली. तो तणतणत गेला, दोन दुकानं फिरला आणि चहाची वेळ व्हायच्या आत परत येऊन पाणी भरून गेला. जो नेहमी छापतो त्याला भुकटी आणि जो कधीमधी छापतो त्याला पाणी, यात आमदार आला तरी फरक पडला नसता.

या माणसाला घर होतं, म्हणजे स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी, मनीषा, लग्न होऊन पुण्याला. स्वतःच्या भाकरी स्वतः थापत आणि दुपारी दुकानातच खात. बोलत फक्त कामाचं. त्यांच्याकडे बसलं तर तासभर शाईवर ऐकायला मिळे, पण तुमचं कसं चाललंय, घरी कोण कोण असतं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी कळंबला एकटी राहत होते, सासर मुरुमला, नवरा तिकडेच, हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे.

एका पावसाळ्यात मला ताप आला. पानाचा फोन आला तेव्हा मी पांघरूण घेऊन पडले होते.

"बाई, पान काढलं का?"

"काका, अंगात ताप आहे हो."

मग, "बरं. ठिवतो."

मला रागच आला. दोन शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? दुपारी दार वाजलं. बाहेर पेंटर उभे, पांढरे कपडे, गुडघ्यापर्यंत चिखल. "पान काढायला आलतो," म्हणाले. आत आले, प्रिंटर चालू केला, एक पान काढलं, उजेडात धरून पाहिलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर वळवली. मग खिशातून दोन डाळिंबं काढून प्रिंटरवर ठेवली, जणू तीही त्या मशीनचाच भाग होती. "उद्या शाळंला जाऊ नका," एवढं म्हणून ते निघून गेले. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला.

दिवाळीनंतरची गोष्ट. मनीषा मुलाला घेऊन माहेरी आली होती. मी शाई भरायला गेले तेव्हा ती दुकानातच स्टुलावर बसलेली. तिशी ओलांडलेली, बोलकी, वडिलांच्या अगदी उलट. मुलगा वेदांत बाटल्यांचे रंग मोजत होता. तिने पुण्याला मुलाच्या शाळेसाठी प्रिंटर घेतला होता आणि त्याच्या दोन्ही कार्ट्रिज पिशवीत घालून आणल्या होत्या.

"बाप शाईवाला असताना मी बाहेर कशाला भरू?" ती मला म्हणाली.

पेंटरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "काय छापतीस?"

"अहो अण्णा, ह्याच्या शाळेचं काहीतरी असतं. चित्रं, प्रोजेक्ट."

"किती दिसानं?"

"महिन्यातून एखाद्या वेळेस. कधी तेवढंही नाही."

मी मनात म्हटलं, पाणी. त्या दुकानात चार वेळा बसलेल्या कोणालाही ते सांगता आलं असतं. पेंटर थोडा वेळ बाटल्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी भुकटीच्या बाटल्या उचलल्या. भरताना त्यांनी मनीषाला तीन-चार दिवसांचा नियम सांगितला आणि तिने "बरं, काढत जाईन" म्हटलं, जसं आपण डॉक्टरला रोज चालत जाईन म्हणतो.

ती मुलाला घेऊन भेळ खायला समोर गेली तेव्हा मला राहवलं नाही. "काका, ही तर सरळ सरळ पाण्याची गिऱ्हाईक."

पेंटर सिरिंज धूत होते. "पोराच्या चित्रावर पाणी सांडलं तर?" म्हणाले.

त्यांनी सिरिंज दोनदा झटकली, फडक्यावर ठेवली आणि मान वर न करता म्हणाले, "भुकटी असली म्हंजी चार दिसाला फोन करावा लागतोय."

आडत्याला परत पाठवणारा माणूस हा. आपल्या नियमाविरुद्ध तो जन्मात एकदाच गेला आणि कशासाठी गेला ते मला त्याने सांगून टाकलं होतं. मुलीला फोन करायला त्याला काही कारण सापडत नव्हतं, म्हणून त्याने ते तिच्या मशीनमध्ये भरून दिलं होतं.

पुढचे काही आठवडे पेंटर वेगळेच दिसत. संध्याकाळी, पुण्याची माणसं घरी पोचायच्या सुमाराला, ते हात साबणाने धूत, उभे राहत आणि मनीषाला फोन लावत. बसून त्यांनी हा फोन कधी केला नाही. "पान काढलं का? बरं. ठिवतो." एवढंच बोलणं, पण त्यानंतर दुकानात येणाऱ्याला चहा मिळे. वेदांतने काढलेल्या पानाचा फोटो फोनवर आला की तो सगळ्या रांगेला दाखवून व्हायचा. त्या पानावर निळ्या, लाल, पिवळ्या रेघा असत आणि कधी कोपऱ्यात वेदांतने पेनाने काढलेलं एखादं वाकडं विमान. पेंटर रेघांकडे बोट दाखवून म्हणत, "बगा, एक भोक बंद न्हाय." विमानाबद्दल काही बोलत नसत, पण फोटो मोठा करून दाखवत तो त्याच कोपऱ्याचा.

मग फोटो यायचे थांबले. संक्रांत होऊन गेली असेल. "काढलं" जाऊन "काढते अण्णा" आलं. नंतर फोन उचलला जाईनासा झाला. पेंटर मलाच समजावत, "मीटिंग असती तिला. संध्याकाळी बी असत्यात मीटिंगा." मी म्हणे, हो, असतात. ते पुन्हा लावत, वाजू देत आणि बंद झाला की फोन खिशात ठेवून सिरिंजा धुवायला घेत, धुतलेल्या असल्या तरी. ते बघवत नसे. मी मग काहीतरी निमित्त काढून उठत असे.

चैत्रात येरमाळ्याच्या देवीच्या यात्रेला मनीषा आली. यात्रेला जाण्याआधी कळंबला उतरली. या वेळी वेदांत नव्हता, त्याची परीक्षा होती. मी दुकानात होतेच. तिने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. आत त्याच दोन कार्ट्रिज.

"अण्णा, हे जाम झालंय. प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या संध्याकाळी तो काढायला बसलो तर एक अक्षर उमटेना. बाहेरून काढून आणावं लागलं. हे चिडले, वेदांत रडला."

पेंटरांनी एक कार्ट्रिज हातात घेतली. खालची बाजू उजेडाकडे धरली. "वाळली," म्हणाले. "पान काढलं न्हाईस तू."

"नाही काढलं. नाही जमत अण्णा मला. सकाळी सातला बाहेर पडते मी. यात साधी शाई भरा. तुमचं ते पाणी."

मी उठायला लागले तर मनीषाने हाताने खाली बसवलं. मला वाटतं तिला एकटीला हे बोलायचं अवघड जात होतं.

"आणि अण्णा, एक सांगू का? रागावू नका. तुमचा फोन आला की मला धस्स व्हायला लागलं. वाटायचं, पान राहिलं. शाळेत गृहपाठ राहिल्यावर वाटायचं ना, तसं. म्हणून उचलत नव्हते. तुम्ही दुसरं काही बोलतच नाही. मी कशी आहे, जावई कसे आहेत, काही नाही. आई गेल्यापासून आपण बोललोय का कधी? मला तुमचा फोन पाहिजे. पानाशिवायचा पाहिजे."

बाहेर बस लागत होत्या आणि कंडक्टर लातूर, बार्शी ओरडत होते. पेंटरांनी थर्मास उघडला, वाटीत गरम पाणी ओतलं आणि दोन्ही कार्ट्रिज त्यात बुडवल्या. मग तो सगळा वेळ ते एकच काम करत राहिले. सिरिंजने पाणी आत सोडायचं, बाहेर ओढायचं, वाटी रिकामी करायची, पुन्हा भरायची. काळं पाणी येत राहिलं, मग राखाडी, मग नुसतंच गढूळ. मनीषा त्यांच्या हाताकडे बघत होती. शेवटी पाणी स्वच्छ आलं. त्यांनी कार्ट्रिज फडक्यावर उपड्या ठेवल्या, कोरड्या झाल्या का ते बोटाने पाहिलं आणि डायच्या बाटल्या उघडल्या.

मला वाटलं ते काहीतरी बोलतील. निदान दरडावतील. त्यांनी पाणी भरलं, चाचणीला एक रेघ काढून पाहिली आणि पिशवीला गाठ मारून तिच्या हातात दिली.

"आता महिना-दोन महिने न्हाय छापलं तरी चालंल," म्हणाले. "तुला काय बी बघायला नगं."

"आणि फोन?"

"करतो की."

ती वाकून पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, निळी बोटं बघून तो तसाच थोडा वर धरला आणि मग ठेवला. येरमाळ्याची बस लागली होती. ती धावत गेली.

त्यानंतर गिऱ्हाइकांना जाणारे पानाचे फोन चालूच राहिले, फक्त घटत गेले. बाटलीने शाई ओतायचे नवे प्रिंटर आले आणि लोकांना पेंटरांची गरज उरली नाही. क्लासवाल्या सरांनीही तो घेतला. पत्र्यावरचा त्यांचा नंबर पेंटरांनी पुसला नाही. मी एकदा विचारलं, "मनीषाला फोन केला होता का?" म्हणाले, "करायचाय." पुढच्या वेळी विचारलं तर तेच. संध्याकाळी मात्र ते अजून हात साबणाने धुवत आणि फोन हातात घेऊन उभे राहत. थोडा वेळ तो नुसता हातात असे. मग आतल्या खिशात जाई. मनीषाचा फोन येत असे, नाही असं नाही, पण तेव्हा हे "बरं हाय, बरं हाय, ठिवतो" म्हणून मोकळे होत. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. एवढी वर्षं ज्या माणसाने गावाला प्रश्न विचारून भंडावून सोडलं, त्याला स्वतःच्या मुलीला विचारायला एक प्रश्न सापडू नये?

पुढच्या वर्षी माझी मुरुमला बदली झाली. मीच मागितलेली, सासरच्या गावी. सामान आधीच गेलं होतं. मी पिशवी घेऊन स्टँडवर आले आणि बसला वेळ होता म्हणून निरोप घ्यायला दुकानात गेले. संध्याकाळ होत होती. पेंटर साबणाने हात धुऊन पुसत होते. मी निघाल्याचं सांगितलं. त्यांनी "चांगलं झालं" म्हटलं आणि माझ्यासाठी स्टूल पुढे केलं. मी बसले. फोन त्यांच्या हातात होता.

"बाई," ते म्हणाले, "तुमी शिकवताव, तुमाला ठावं असंल. पोरीला फोन केल्यावर काय इचारावं?"

ते थट्टा करत असतील म्हणून मी चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

"जेवलीस का, विचारा."

"रोजच जेवती की ती."

"तरी विचारायचं. काय भाजी केली, विचारा. वेदांत काय करतोय, विचारा. पाऊस झाला का तिकडे, काहीही विचारा. आणि ती सांगेल ते ऐकायचं, लगेच ठेवतो म्हणायचं नाही."

पेंटर ओठ हलवत ते पुन्हा म्हणून बघत होते, जेवण, भाजी, वेदांत, पाऊस. "पाऊस बरा हाय," म्हणाले, "पाऊस इचारता येतंय."

मुरुमला नेणारी उमरग्याकडची बस लागली तशी मी उठले. पाया पडले तर त्यांनी घाईघाईने पाय मागे घेतले. "जावा, जागा मिळायची न्हाय," म्हणाले. मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि तिथून रस्त्यापलीकडे दुकान समोर दिसत होतं. पेंटर बाहेर येऊन उभे राहिले होते. मला वाटलं मला निरोप द्यायला आलेत, म्हणून मी हात हलवला. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी फोनवर नंबर लावला, फोन एका कानाला धरला आणि बसच्या आवाजात नीट ऐकू यावं म्हणून दुसऱ्या कानावर तळहात दाबला. बस मागे येऊन वळली. वळून पुन्हा समोर आली तरी ते तसेच उभे होते, काही बोलत नव्हते, ठेवतही नव्हते. पलीकडे नुसती घंटी वाजत होती की मनीषा बोलत होती, ते बसमधून कळायला मार्ग नव्हता. ती बोलत असावी, असं मला फार वाटतं.